बिनपगारी आयुक्त

'आयुक्त' म्हटले की सामान्य वाचकाच्या डोळ्यांसमोर महानगरपालिकेचा कारभार हाकणारा वरिष्ठ अधिकारी उभा राहतो, आणि नांदेड व लातूर या दोन्ही शहरांना असे अधिकारी आहेतच. परंतु महाराष्ट्रातील इतर जिल्ह्यांप्रमाणे या दोन जिल्ह्यांच्या शालेय जगात आयुक्तांची आणखी एक जात नांदते, जिला पगार नाही, सरकारी गाडी नाही आणि नुसत्या आदेशाने कोणाकडून काम करून घेण्याची सोयही फारशी नाही. भारत स्काउट्स आणि गाइड्स या संस्थेचे हे मानद आयुक्त होत. स्वतःचा वेळ आणि पुष्कळदा पदरचा पैसा खर्चून करायच्या या कामातून माणसाला नेमके काय मिळते, हा प्रश्न रोकड्या हिशेबाने सोडवू गेल्यास उत्तर फारच तोकडे येते.

ब्रिटिश सेनाधिकारी रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी 1907 मध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर मुलांचे एक प्रायोगिक शिबिर भरवले आणि पुढच्याच वर्षी त्यावर पुस्तक लिहिले, तेथून स्काउट चळवळ सुरू झाली. भारतात ती 1909 मध्ये आली, मात्र प्रारंभी तिची दारे भारतीय मुलांना बंद होती. त्यावर उपाय म्हणून ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी 1916 मध्ये मद्रास येथे, तर पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी 1918 मध्ये अलाहाबाद येथे स्वतंत्र संघटना उभ्या केल्या. या वेगवेगळ्या प्रवाहांचे 7 नोव्हेंबर 1950 रोजी एकत्रीकरण होऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था जन्माला आली आणि 15 ऑगस्ट 1951 रोजी मुलींची गाइड संघटनाही तीत सामील झाली. संस्थेचा पहिला राष्ट्रीय मेळावा, ज्याला जांबोरी म्हणतात, 1953 मध्ये हैदराबादला भरला, तेव्हा नांदेड आणि लातूर हा सारा मुलूख हैदराबाद राज्यातच होता. राष्ट्रीय जांबोरीची सुरुवात या अर्थाने मराठवाड्याच्या तत्कालीन राजधानीत झाली, याची आठवण आज फारशी कोणी काढत नाही.

या संस्थेची घडण खालून वर जाणारी आहे. प्राथमिक वयातील मुले कब आणि मुली बुलबुल, माध्यमिक वयातील स्काउट आणि गाइड, तर महाविद्यालयीन वयातील रोव्हर आणि रेंजर म्हणून ओळखली जातात. सहा ते आठ मुलांचा एक संघ, त्याचा मुलांमधलाच संघनायक, आणि अशा काही संघांचे मिळून एक पथक, ज्याची जबाबदारी पथकनायक म्हणून प्रशिक्षित शिक्षकाकडे असते. ही पथके ज्या जिल्हा संस्थेत नोंदवली जातात, तेथे पूर्णवेळ वेतनावर काम करणारा जिल्हा संघटक असतो, अनेक जिल्ह्यांत शिक्षणाधिकारी पदसिद्ध आयुक्त असतात, आणि त्यांच्या जोडीला निवृत्त मुख्याध्यापक, प्राध्यापक, संस्थाचालक अशी मंडळी मानद आयुक्त किंवा सहायक आयुक्त म्हणून नेमली जातात. नव्या शाळांत पथके सुरू करून घेणे, चालू पथकांना भेटी देणे, शिक्षकांना प्रशिक्षणाला धाडणे, मुलांच्या चाचण्या वेळेवर होतील हे पाहणे आणि वर्षाचा जिल्हा मेळावा पार पाडणे, ही त्यांची कामे.

डोळ्यांना दिसणाऱ्या लाभांची यादी लवकर संपते. गणवेश स्वतःच्या खर्चाने शिवायचा, वार्षिक नोंदणी शुल्क स्वतः भरायचे आणि प्रवासखर्चाबाबत फारशी आशा ठेवायची नाही, हा सर्वसाधारण रिवाज आहे. दीर्घ व उल्लेखनीय सेवेसाठी पदके आहेत, ज्यांत 'सिल्व्हर एलिफंट' हे सर्वोच्च मानले जाते. परंतु पदकावर डोळा ठेवून आलेला माणूस तेथवर पोहोचेपर्यंत टिकण्याची शक्यता कमीच.

खरा लाभ शिकण्यापासून सुरू होतो. शिकवण्याचा पंचवीस-तीस वर्षांचा अनुभव गाठीशी असलेल्या गृहस्थालाही येथे प्रारंभीच्या वर्गात मांडी घालून बसावे लागते, दोरीच्या गाठी बांधाव्या लागतात, स्वतःच्या संघासाठी चूल मांडून स्वयंपाक करावा लागतो आणि रात्री शेकोटीपुढे नकला किंवा गाणी सादर करावी लागतात. पथकनायकांचा प्राथमिक वर्ग, मग प्रगत वर्ग, आणि त्यानंतर प्रत्यक्ष काम तपासून मिळणारा 'हिमालय वुड बॅज' अशी ही चढण आहे. वुड बॅज म्हणजे चामड्याच्या वादीत ओवलेले दोन लाकडी मणी. बेडन-पॉवेल यांनी दक्षिण आफ्रिकेतून आणलेल्या आणि झुलू राजा दिनुझुलू याची मानल्या जाणाऱ्या माळेतले मणी 1919 मध्ये गिलवेल पार्क येथील पहिल्या प्रशिक्षणार्थींना दिले गेले, आणि तीच खूण आज जगभर चालते. मराठवाड्यातील शिक्षकासाठी या वाटेवर पुणे जिल्ह्यातील भोर येथील राज्य प्रशिक्षण केंद्र आणि मध्य प्रदेशातील पचमढीचे राष्ट्रीय केंद्र लागते. ज्या वयात बहुतेकांना कोणी काही शिकवत नाही आणि कोणी काही विचारतही नाही, त्या वयात पुन्हा विद्यार्थी होता येणे ही चैन या पदाखेरीज क्वचितच कोठे मिळते.

दुसरा लाभ त्याहून मोठा, आणि तो अधिकाराच्या अभावातून येतो. पदसिद्ध आयुक्ताचे पत्र शाळेत पोहोचले की त्यामागे त्याचे सरकारी पद उभे असते, मानद आयुक्ताला मात्र केवळ पटवून देता येते. लातूर आणि नांदेडमध्ये ही गोष्ट विशेष कठीण आहे, कारण 'लातूर पॅटर्न' या नावाने ख्यात झालेल्या अभ्यासपद्धतीने आणि त्यापाठोपाठ दोन्ही शहरांत फोफावलेल्या वैद्यकीय-अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांच्या शिकवण्यांनी मुलांचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत वाटून घेतला आहे. आठवीपासूनच्या 'फाउंडेशन' शिकवणीला पैसे भरलेल्या पालकाला मुलाने तंबू ठोकायला शिकणे का गरजेचे, हे सांगायचे तर आयुक्ताला गणित मांडूनच बोलावे लागते. प्रवेश, प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि मग राष्ट्रपती पुरस्कार अशा पायऱ्या ठरलेल्या असून दोन पायऱ्यांमध्ये काही महिन्यांचे काम आवश्यक असते. त्यामुळे नववीत जागा झालेला मुलगा वरच्या पायरीपर्यंत पोहोचतच नाही, आणि पाचवी-सहावीत आलेला मात्र शिकवण्यांचा जोर वाढण्यापूर्वी बरीच मजल मारून मोकळा होतो. भारतीय रेल्वेच्या भरतीत स्काउट-गाइडांसाठी स्वतंत्र कोटा आहे, ही गोष्ट रेल्वे विभागाचे मुख्यालय असलेल्या नांदेडात पालकांना लगेच उमगते. असे मुद्दे प्रथम सांगावेत की चारित्र्य, सेवा, निसर्ग हे आधी सांगावे, यावर चळवळीत मतभेद आहेत. सोवळेपणा बाजूला ठेवून पाहिले तर मुलाला मैदानापर्यंत आणणारा मुद्दा आधी सांगणेच शहाणपणाचे ठरते. वर्षानुवर्षे असे पटवत राहिलेल्या माणसाला संस्था चालवण्याची जी हातोटी साधते, ती खुर्चीच्या बळावर निवृत्त झालेल्यांना सहसा साधत नाही.

जिल्हा पाहायला मिळणे हा तिसरा लाभ. नांदेडचे सोळा आणि लातूरचे दहा तालुके बहुतेकांनी नकाशावरच पाहिलेले असतात. आयुक्ताला मात्र किनवट-माहूरच्या डोंगराळ, आदिवासी भागातली शाळा, देगलूर-बिलोलीकडची तेलुगू कानी पडणारी गावे, कन्नडचा शेजार असलेला उदगीरचा पट्टा, सगळीकडे जावे लागते. मुलांची पदभ्रमणे कंधारचा किल्ला, औसा तालुक्यातील खरोसा लेणी किंवा उदगीरजवळचे हत्तीबेट येथे निघतात, तेव्हा सोबत जाणाऱ्या मोठ्यांचाही भूगोल सुधारतो. 'खरी कमाई' हा उपक्रम तर गावाची नाडी ओळखायला उत्तमच, कारण त्यात मुलांनी कष्ट करून, भेळ-भाजी विकून किंवा घरोघरची लहानसहान कामे करून पैसे मिळवायचे असतात, आणि कोणत्या गावात मुलाच्या हाती झाडू पाहून पालकाला कौतुक वाटते व कोणत्या गावात लाज वाटते, हे त्या दिवशी उघड होते.

संबंधांचे वर्तुळही अनपेक्षितपणे रुंदावते. स्काउट आणि गाइड या दोन्ही बाजूंच्या जागतिक संघटनांशी भारतीय संस्था जोडलेली असून जागतिक गाइड संघटनेच्या मोजक्या केंद्रांपैकी 'संगम' हे केंद्र 1966 पासून पुण्यात आहे, म्हणजे एखाद्या गाइड आयुक्त बाईंना परदेशी गाइडर भेटण्यासाठी पासपोर्ट काढावा लागत नाही. जानेवारी 2023 मध्ये राजस्थानातील पाली जिल्ह्यात रोहट येथे झालेल्या अठराव्या राष्ट्रीय जांबोरीसारख्या प्रसंगी देशभरचे पथकनायक एकमेकांच्या चुलीवर जेवतात.

याउलट ज्यांना या पदाचा लाभ मिळत नाही, त्यांचीही एक ओळख सांगता येते. जिल्हा मेळाव्यात मंचावर स्कार्फ स्वीकारून छायाचित्र काढणारे, प्रजासत्ताक दिनाच्या संचलनापुरता गणवेश कपाटाबाहेर काढणारे आणि कागदावरच्या पथकांची संख्या पाहून समाधान मानणारे आयुक्त सगळीकडे सापडतात. त्यांना पद मिळते, काम मिळत नाही. ज्याला शनिवार-रविवार देता येत नाहीत, त्याने जिल्हा संस्थेला देणगी द्यावी किंवा तंबू घेऊन द्यावेत, ते अधिक उपयोगी पडतात. ज्याला वेळ देता येतो, त्याने नियुक्तीची वाट न पाहता जवळच्या शाळेतील पथकाच्या तासाला हजर राहून सुरुवात करावी; जिल्हा संघटकाला अशी माणसे नावानिशी ठाऊक असतात, आणि सहायक आयुक्ताची जागा रिकामी झाली की पहिला दूरध्वनी त्यांनाच जातो.