अत्याचारानंतर कोणत्या दारात जायचे?

परंड्याच्या एखाद्या गावात दलित कुटुंबाला जातीवरून मारहाण झाली, तर काम एकट्या पोलीस ठाण्याचे नसते. 1989च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याने आणि त्याच्या 1995च्या नियमांनी बरीच खाती एका साखळीत बांधली आहेत. तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडेच असतो, दोषारोपपत्र साठ दिवसांत न्यायालयात जायला हवे, मदतीचा पहिला हप्ता सात दिवसांत. हप्त्याची फाईल समाजकल्याणच्या सहाय्यक आयुक्तांकडून हलते.

या साखळीची गाठ म्हणजे जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती. अध्यक्ष जिल्हाधिकारी, सोबत आमदार, खासदार, पोलीस अधीक्षक आणि काही अशासकीय सदस्य. तीन महिन्यांतून एक तरी बैठक नियमानेच बंधनकारक आहे. तिथे प्रकरणागणिक विचारणा होते: तपास कुठे अडला, जातीचा दाखला मिळाला का, पैसे खात्यात पोहोचले का? माझ्या मते समितीचा खरा कस याच प्रश्नांत आहे. बैठक लांबली की फायलीही लांबतात, आणि फिर्यादीवर तडजोडीचा दबाव वाढतो.

उमरगा असो की भूम, तक्रार नोंदवताच एफआयआरची मोफत प्रत मागून घ्या. पुढचा सगळा पाठपुरावा त्याच कागदावर होतो.