जान, जमीन आणि रुखसत

रमजान सुरू झाला की डॉक्टरांच्या दवाखान्यात एक ठरलेला संवाद घडतो. जुना मधुमेह, रोज इन्सुलिन, डॉक्टर रोजा ठेवू नका म्हणतात आणि समोरचे वयस्कर गृहस्थ मान हलवतात. चाळीस वर्षांत एक रोजा चुकला नाही, आता कसा चुकवू? त्यांची भीती उपाशी राहण्याची नसते. उपाशी न राहण्याची असते. सहरीला घर जागे होईल आणि आपण अंथरुणात असू, ही कल्पनाच त्यांना सहन होत नाही.

खरे तर कुरआनात रोज्यांचा आदेश जिथे येतो, तिथेच सवलतही येते. आजारी माणसाने आणि प्रवाशाने राहिलेले रोजे नंतर पूर्ण करावेत, ही झाली 'कजा'. ज्याला ते पुढेही झेपणार नाहीत, त्याने प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालावे, हा 'फिदिया'. या सवलतीला 'रुखसत' म्हणतात. उर्दूत याच शब्दाचा अर्थ निरोप असाही आहे. लेक सासरी जाते ती 'रुखसती'. त्यात डोळे भरून येतात, पण कोणी तिला पराभव म्हणत नाही.

प्रेषितांचे एक तरुण सहकारी, अब्दुल्लाह बिन अम्र, रोज रोजा ठेवत आणि रात्रभर नमाज पढत. प्रेषितांनी त्यांना थांबवले. तुझ्या शरीराचा तुझ्यावर हक्क आहे, पत्नीचाही आहे, असे समजावले आणि महिन्यातून तीन रोजे सुचवले. अब्दुल्लाह वाढवून मागत राहिले आणि अखेर एक दिवसाआड यावर आले. म्हातारपणी तेही जड जाऊ लागले, तेव्हा ती पहिली सवलत घेतली असती तर बरे झाले असते, असे त्यांनी बोलून दाखवले.

सन ६२८ मधला हुदैबियाचा प्रसंगही असाच. उमरा करण्यासाठी सुमारे चौदाशे माणसे मदिनेहून मक्केजवळ पोहोचली होती. तिथे तह झाला : यंदा परत जा, पुढच्या वर्षी या. काबा इतका जवळ असताना माघारी फिरणे लोकांच्या जिवावर आले. कुर्बानी करा, केस उतरवा, असे प्रेषितांनी सांगूनही कोणी उठेना. तेव्हा त्यांच्या पत्नी उम्मे सलमा यांनी सल्ला दिला, कोणाशी काही न बोलता आधी स्वतः करा. प्रेषितांनी तसे केले आणि मग सगळे उठले. या माघारीला कुरआनाने उघड विजय म्हटले. पुढच्या वर्षी उमरा झालाही.

मुळशी तालुक्याला अशा निर्णयाचे दुखणे चांगले ठाऊक आहे. निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटांच्या कंपनीने विजेसाठी धरण बांधायला घेतले, तेव्हा मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू केला. शपथ होती 'जान किंवा जमीन'. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे होते. शेतकरी तुरुंगात गेले, त्यांच्या घरच्या स्त्रियाही गेल्या. १९२४ पर्यंत लढा ओसरला. गावे पाण्याखाली गेली. बापटांनी माघार घेतली नाही, सात वर्षांची शिक्षा भोगली. ते सेनापती झाले आणि ते योग्यच होते.

पण ज्या शेतकऱ्याने शेवटी मोबदल्याच्या कागदावर अंगठा उठवला, त्याचे काय? त्याच्या घरात लहान मुले होती, दावणीला गुरे होती. त्याने शपथ मोडली असे म्हणणे सोपे आहे. मात्र त्याने जमीन गेलेली पाहिली आणि घरच्यांची जान सांभाळली. त्याच्या अंगठ्याने कंपनी न्यायी ठरली नाही. रुखसत प्रेमाने मिळते, त्याची जमीन बळाने गेली. हा फरक पुसून चालणार नाही. तरीही दोष घेणाऱ्याचा होता, थकलेल्याचा नव्हे.

आजच्या घराघरात असे ओझे वेगळ्या नावाने असते. स्पर्धा परीक्षेचा सहावा प्रयत्न, तोट्यातले वडिलोपार्जित दुकान, एकट्याच्या खांद्यावर आलेले मंडळाचे अध्यक्षपद. अशा वेळी रुखसतीचे नियम उपयोगी पडतात. झेपते की नाही, हे जाणकाराला विचारावे. रोज्याच्या बाबतीत तो डॉक्टर असतो. पुढे भरून काढता येईल ते मनात नोंदवून ठेवावे, ती कजा. येणार नसेल तर आपल्या जागी कोणाचे तरी भले होईल असे काही द्यावे, तो फिदिया. दुकान बंद करणाऱ्याने नोकराचा पगार चुकता करावा, अध्यक्षाने हिशेबाची वही नीट सोपवावी. परीक्षा सोडणाऱ्याने पुस्तके आणि नोट्स एखाद्या गरजू मुलाला द्याव्यात. केवळ कंटाळा आला म्हणून सोडणे आणि रीतसर खाली ठेवणे, यात एवढेच अंतर आहे.

ईदच्या नमाजला सगळे रोजे पूर्ण केलेला तरुण आणि एकही ठेवू न शकलेला आजारी माणूस एकाच रांगेत, खांद्याला खांदा लावून उभे राहतात. तुझे किती झाले, हे तिथे कोणी विचारत नाही. गळाभेट दोघांनाही सारखीच मिळते.