सारणीतील निवडक फेरफार आणि यथासंख्य

शाळेचा निकाल पूर्वी आम्ही एका लांबरुंद वहीत भरीत असू. विद्यार्थी आडव्या ओळींत, विषय उभ्या रकान्यांत, आणि सत्र बदलले की पान उलटावयाचे. संगणकाच्या परिभाषेत हीच त्रिमिती सारणी होय. विद्यार्थी, विषय व सत्र यांचे तीन क्रमांक सांगितले की नेमके एक घर सापडते. फोर्ट्रान भाषेत ही सोय १९५७ सालीच होती.

गेल्या वर्षी हैदराबादेतील आमच्या शाळेत हा निकाल पायथन भाषेत, तिच्या नम्पाय या साधनसंग्रहाच्या आधारे केला. चौथा व नववा हे दोन विद्यार्थी खेळाडू. दुसऱ्या सत्रात दोघांनाही मराठी व गणित या दोन्ही विषयांत प्रत्येकी ५ गुण वाढवून द्यावयाचे होते. म्हणजे घरे चार. (यंत्र शून्यापासून मोजते, म्हणून चौथ्यास तीन म्हणावे लागते, तेवढे आम्ही सांभाळले होते.) विद्यार्थ्यांची एक यादी दिली, विषयांची दुसरी. यंत्राने बदलली दोनच घरे : चौथ्याचे मराठी आणि नवव्याचे गणित. चौथा मुलगा गणितात ३२ वरच राहिला व अनुत्तीर्ण ठरला.

अलंकार शिकविणाऱ्यांस याचे नवल वाटू नये. हे तर यथासंख्य! पहिल्यास पहिले, दुसऱ्यास दुसरे. पाणिनीने यासाठी स्वतंत्र सूत्र केले आहे (१.३.१०), आणि त्यातही संख्या समान असण्याची अट आहे. आमच्या दोन्ही याद्या नेमक्या समान होत्या. एकीत दोन व दुसरीत तीन नावे असती, तर यंत्र अडून बसले असते आणि चूक तेथेच उघडकीस आली असती.

आम्हांस हवा होता प्रत्येकाचा प्रत्येकाशी संबंध. त्यासाठी नम्पायमध्ये ‘आयएक्स’ नावाची निराळी क्रिया आहे. ती एक यादी उभी व दुसरी आडवी मांडते, आणि जेथे त्या छेदतात ती चारही घरे हाती येतात.

३३ व ३४ गुणांची सर्व घरे ३५ करावयाची असल्यास क्रमांकांची गरजच नाही. अट सांगावी, म्हणजे ती पुरी करणारी घरेच बदलतात. मात्र ती घरे आधी वेगळी काढून, त्यांस नाव देऊन मग बदलली, तर बदल नकलेत होतो आणि मूळ वही तशीच राहते. उलट, सलग ओळींचा तुकडा घेतला तर ती नक्कल नसून मूळ वहीवर उघडणारी खिडकी असते. सहज करून पाहिलेला बदलही मुळात उतरतो. आमच्या मते हाच भेद अधिक घातक आहे, कारण येथे यंत्र चकार शब्द काढीत नाही.

निकाल लावण्यापूर्वी आम्ही गुण हाताने ताडून पाहिले, तेव्हा चौथ्या मुलाचे ३७ झाले. तो आता पुढच्या इयत्तेत आहे.