‘गळती’ या शब्दाचा नेमका अर्थ

शेतकऱ्याच्या बोलण्यात ‘गळती’ हा शब्द नित्य येतो. छप्पर गळते, पाट गळतो, आंब्याचा मोहोर गळतो, आणि कोठारातील धान्य वर्षअखेर वजनास कमी भरले की तेथेही गळती झाली असे आपण म्हणतो. शब्द एकच असला तरी या सर्वांची कारणे एक नव्हेत. आणि कारण ओळखण्यात चूक झाली म्हणजे उपायही चुकतो. यास्तव या शब्दाचा थोडा बारकाईने विचार करणे अवश्य आहे.

प्रथम पाण्याचे पाहू. पाटात सोडलेले पाणी शेवटच्या शेतापर्यंत पुरे पोचत नाही, याची मुख्य कारणे तीन. उंदीर व खेकडे यांच्या बिळांतून अथवा दाराच्या फटीतून जे वाहून जाते ती खरी गळती. पाटाच्या तळातून व काठांतून सर्वत्र जे मुरते तो पाझर. उन्हावाऱ्याने वाफ होऊन जे उडते त्यास या दोहोंपैकी कोणतेही नाव शोभत नाही. बिळावर वरवर माती लोटून भागत नाही. ते खणून काढून ओलसर चिकणमाती थराथराने धुमसावी लागते. पाझरास मात्र एक जागा बुजवून उपयोग नाही. तेथे पाटाला अस्तरच पाहिजे.

लहानशी गळती क्षुल्लक मानू नये. पंधरा लिटरांची बादली पंधरा सेकंदांत भरेल एवढी धार अहोरात्र वाहिली, तर दिवसास ८६,४०० लिटर पाणी जाते. एका एकरावर एक इंच पाणी उभे करण्यास सुमारे १,०२,८०० लिटर लागतात. म्हणजे ही एक धार साडेतीन दिवसांत एका एकराची तीन इंचांची पाळी गिळून टाकते.

शेततळ्याचे पाणी उतरू लागले तर ते मुरते की उडते, हे घरच्या घरी पाहता येते. एक बादली तळ्यातच दगडावर स्थिर ठेवावी, तिच्यात बाहेरच्या पातळीइतके पाणी भरावे, आणि आत व बाहेर खूण करावी. पाऊस नसताना व उपसा बंद असताना एका अहोरात्रीने दोन्ही खुणा पाहाव्या. बादलीतील पाणी ६ मिलिमीटर व तळ्यातील १५ मिलिमीटर उतरले असेल, तर ६ मिलिमीटर उन्हाने नेले आणि उरलेले ९ मिलिमीटर जमिनीत गेले असे समजावे.

जमिनीत गेलेले पाणी सर्वस्वी वाया गेले असेही म्हणता येत नाही. पाझर तलाव तर त्याकरिताच बांधतात. त्याचे पाणी खालच्या विहिरींना मिळते. परंतु निचरा नसेल तेथे हाच पाझर घातक ठरतो. नीरा खोऱ्यात कालव्याचे पाणी आल्यानंतर काही जमिनी खारवट झाल्या, आणि १९१० साली डॉ. हॅरॉल्ड मॅन व तम्हाणे यांनी त्यांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. भूजल वर चढते, पृष्ठभागाशी आलेले पाणी उडून जाते, आणि त्यातील क्षार मागे राहतात, अशी ही क्रिया आहे. तेथे पाटाची गळती थांबविणे जितके अगत्याचे, तितकेच पाणी बेताने देणे व चर खणून निचरा करणे हेही अगत्याचे होय.

झाडांची गळ याहून निराळी आहे. कपाशी जितकी पाती धरते तितकी बोंडे पोसू शकत नाही. म्हणून काही पातेगळ स्वाभाविकच असते. पाण्याचा ताण, साचलेले पाणी अथवा बोंडअळी यांमुळे ती वाढली असेल तरच उपाय योजावा. गळलेली पाती उचलून त्यांस भोक आहे काय हे आधी पाहावे. केवळ गळ दिसली म्हणून औषध फवारणे हा निरर्थक खर्च होय.

शेवटी कोठाराविषयी. या शब्दाचा सर्वांत अन्यायकारक उपयोग येथेच होतो. शंभर किलो धान्यात साठवणीच्या वेळी १६ टक्के ओलावा असेल आणि पुढे तो १२ टक्क्यांवर आला, तर एक दाणाही न जाता वजन सुमारे साडेपंच्याण्णव किलो भरते. हे साडेचार किलो केवळ पाण्याचे असतात. पण सामाईक कोठारात अशी तूट निघाली की संशय राखणदारावर किंवा हमालावर येतो, आणि कित्येकदा भावाभावांत वितुष्ट पडते. धान्य ठेवतेवेळी वजनाबरोबर ओलावाही मोजून वहीत लिहिला, तर सुकल्याने झालेली घट कोणती, आणि उंदीर, कीड अथवा चोरी यांनी नेलेले किती, हे वेगळे काढता येते.

तात्पर्य, ‘गळती झाली’ असे म्हणण्यापूर्वी काय गेले, कोणत्या वाटेने गेले व किती गेले, हे तीन प्रश्न स्वतःस विचारावेत. त्यांची उत्तरे मिळाली तर उपाय सापडतो, आणि निदान निरपराध माणसावर तरी आळ येत नाही.