संगणकाच्या पोटातले दप्तर

श्रोतेहो, तुमच्यापैकी पुष्कळांचे तलाठ्याकडे नेहमी काम पडते. कोणाची जमीन किती, हे गावाच्या दप्तरात असते. पण पेरणीला बियाणे किती लागले, गड्याला पैसे किती दिले, याची टिपणे कोणी चावडीवर नेऊन देतो का? ती आपली आपल्या घरी. हा साधा विवेक संगणकाच्या पोटातही पाळावा लागतो. तो सुटला तर केवढा घोळ होतो, तेच आज सांगायचे आहे.

शाळेतला संगणक असो की खिशातला फोन, त्याच्या कारभाराच्या मुळाशी एक प्रोग्राम असतो. त्याला कर्नेल म्हणतात. पलटणीतला कर्नल नव्हे हो! या इंग्रजी शब्दाचा अर्थ कवचाच्या आतला गर. कळफलक, पडदा, छपाईचे यंत्र ही सारी अवजारे निरनिराळ्या कारखान्यांतली, प्रत्येकाची बोली वेगळी. म्हणून प्रत्येक अवजारासाठी एक दुभाष्या लागतो. त्याचे नाव ड्रायव्हर.

लिनक्स नावाचे एक कर्नेल आहे. लिनस तोरवाल्ड्स यांनी १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे विद्यार्थिदशेत ते सुरू केले. आज अँड्रॉइडचे फोन त्याच्यावरच चालतात. ते मुख्यतः सी नावाच्या भाषेत लिहिलेले आहे आणि त्याच्या ओळी दोन कोटींहून अधिक आहेत. साहजिकच ते हजारो फाइलींत वाटलेले आहे.

यातल्या काही फाइली प्रत्यक्ष काम करणाऱ्या. दुसऱ्या असतात त्या हेडर फाइली. हेडर फाइल स्वतः काम करीत नाही. ती ओळख करून देते. अमुक नावाचे काम माझ्याकडे होते, त्यासाठी अमुक माहिती द्यावी लागते, अवजाराचा अमुक कप्पा अमुक क्रमांकावर आहे, असे तिच्यात लिहिलेले असते. ज्या फाइलीला ही ओळख हवी, ती हेडरला बोलावते. बोलावले म्हणजे काय होते? हेडरचा सगळा मजकूर तिथे जसाच्या तसा उतरवला जातो. त्या हेडरने आणखी दहा हेडरे बोलावली असतील, तर तीही मागोमाग येतात. एका पाहुण्यासाठी पाट मांडावा, तर सारी वरात दारात!

आता तुम्ही म्हणाल, सगळी हेडरे एकाच मोठ्या कपाटात ठेवली तर काय बिघडले? बिघडते असे, की समोर दिसली म्हणून नको ती फाइलही कोणीतरी वापरू लागतो. मग त्या हेडरमध्ये एक अक्षर बदलले, तरी तिच्यावर विसंबलेल्या सगळ्या फाइली यंत्रभाषेत पुन्हा उतरवाव्या लागतात. इंगो मोल्नार या जुन्या जाणकाराने जानेवारी २०२२ मध्ये हा गुंता सोडवण्यासाठी २,२०० हून अधिक दुरुस्त्या मांडल्या, यावरून तो किती वाढला होता हे ध्यानात येईल.

दुसरा तोटा याहून मोठा. फोनमध्ये आणि लहान यंत्रांत एआरएम जातीच्या चिपा असतात. त्या पुष्कळ कारखाने बनवतात. लिनक्समध्ये प्रत्येक चिप-घराण्याचा वेगळा कप्पा होता, आणि त्यात एकाच नावाची पण निराळ्या मजकुराची हेडरे होती. कर्नेल तयार करताना त्यांतले एकच निवडावे लागे. परिणाम असा, की एका घराण्यासाठी बांधलेले कर्नेल दुसऱ्यावर चालेना. २०११ साली तोरवाल्ड्स यांनी या पसाऱ्याबद्दल कडक शब्दांत नाराजी सांगितली.

मग साफसफाई झाली. डिसेंबर २०१२ मध्ये निघालेल्या लिनक्सच्या ३.७ या आवृत्तीत एकच कर्नेल अनेक घराण्यांवर चालवण्याची सोय आली. यंत्रात कोणते अवजार कुठे जोडले आहे, याचे वर्णन प्रोग्रामात कोरून न ठेवता वेगळ्या यादीत लिहावे आणि यंत्र सुरू होताना ती कर्नेलच्या हाती द्यावी, अशीही रीत रुळत गेली.

मांडणीचा नियम सोपा आहे. जे हेडर एकट्या ड्रायव्हरच्या उपयोगाचे, ते त्या ड्रायव्हरच्या शेजारीच ठेवावे. ही झाली घरची टिपणे. जे कर्नेलच्या अनेक विभागांना लागते, ते ‘इन्क्लूड’ नावाच्या सामाईक कप्प्यात जावे. हे भावकीचे कागद. आणि जे कर्नेलबाहेरच्या प्रोग्रामांना लागते, ते अगदी वेगळे ठेवावे. ही चावडीवरची जाहीर नोटीस. तिसरा कप्पाही त्याच ३.७ आवृत्तीत निराळा केला गेला. घरची वही खोडली तर कोणाचे काही अडत नाही. नोटीस मात्र सहसा बदलता येत नाही, कारण तिच्या भरवशावर परक्यांनी आपली कामे बेतलेली असतात. तो शब्द मोडला, तर काल चालणारा प्रोग्राम आज बंद पडतो, आणि ज्याचा पडतो त्याला कारणही कळत नाही.

गुरुजींनो, मुलांना हे शिकवायला संगणकच हवा असे नाही. शाळेतले दहा कागद घ्या. हजेरीपत्रक, परीक्षेचे वेळापत्रक, तुमचे पाठटाचण, असे काहीही चालेल. प्रत्येक कागदाला एकच प्रश्न विचारायला सांगा: हे वाचण्याची गरज कोणाला? एकाला असेल तर टेबलाच्या खणात, शिक्षकांना असेल तर कपाटात, गावाला असेल तर फलकावर. मुले थोडी भांडतील, आणि भांडता भांडता शिकतील.

दोन कोटी ओळी जगभरच्या माणसांनी मिळून लिहाव्यात आणि त्या एकत्र नांदाव्यात, हे नुसत्या हुशारीने होत नाही. त्याला कागद जागच्या जागी ठेवण्याची शिस्त लागते. ती आपल्या घरात आहेच. यंत्रालाही तीच लागते, एवढे सांगून आपला निरोप घेतो.