जातींचे सहअस्तित्व

जातींचे सहअस्तित्व : एकाच अधिवासात अनेक जातींचे सजीव पिढ्यानुपिढ्या एकत्र टिकून राहणे. जैवविविधता यावरच अवलंबून असते. एकाच मर्यादित अन्नावर वाढविलेल्या पॅरामिशियमाच्या दोन जातींपैकी एक दुसरीचे उच्चाटन करते, असे रशियन जीववैज्ञानिक जी. एफ्. गाउझ यांनी १९३४ मध्ये दाखविले. निसर्गात मात्र गरजांची विभागणी होते. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील सह्याद्रीच्या वनांत अंजनी, जांभूळ व पिसा हे वृक्ष वरचा प्रकाश घेतात. गारंबीसारख्या महालता त्यांच्या आधाराने वर चढतात, तर कारवी खालच्या थरात वाढते. तसेच विशिष्ट जातीवर जगणारे कीटक व कवके मातृवृक्षाजवळील त्याच जातीची रोपे मारतात व इतर जातींना जागा मिळते, अशी उपपत्ती डी. एच्. जॅन्झेन (१९७०) व जे. एच्. कॉनेल (१९७१) यांनी मांडली.

गरजा भिन्न असल्याने अनेक जाती मिळून प्रकाश, पाणी व पोषकद्रव्ये अधिक पूर्णपणे वापरतात. प्रतिकूल काळात एकीची उणीव दुसरी भरून काढते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९८८ च्या अवर्षणात जातिसमृद्ध गवताळ वाफ्यांचे उत्पादन तुलनेने कमी घटले, असे डी. टिलमन व जे. ए. डाउनिंग यांना आढळले (१९९४).

माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात अभ्यासलेल्या देवरायांमध्ये असे जातिसमूह श्रद्धेमुळे टिकले. तथापि केवळ वृक्षतोड थांबविणे पुरेसे नाही. बीजप्रसार करणारे धनेशासारखे पक्षी नाहीसे झाल्यास जुने वृक्ष उभे असूनही त्यांची पुढची पिढी खुंटते.