विश्लेषण : नेत्यांची खिल्ली उडवणारा कार्यक्रम नेत्यांच्याच फायद्याचा? काय आहे ‘हॅव आय गॉट न्यूज फॉर यू’?

१९९३ मध्ये ब्रिटनच्या मजूर पक्षाचे ज्येष्ठ नेते रॉय हॅटर्सली यांनी ऐनवेळी बीबीसीच्या कार्यक्रमाला येण्याचे टाळले. निर्मात्यांनी त्यांच्या जागी चक्क डुकराच्या चरबीचा डबा ठेवला आणि कार्यक्रम पार पाडला. ‘हॅव आय गॉट न्यूज फॉर यू’ची ही ओळख आजही पुसलेली नाही.

कार्यक्रमाचे स्वरूप काय?

सप्टेंबर १९९० मध्ये ‘बीबीसी टू’वर सुरू झालेला हा कार्यक्रम २००० मध्ये ‘बीबीसी वन’वर गेला. प्रत्येकी दोघांचे दोन संघ आठवड्यातील बातम्यांवरील प्रश्नांची उत्तरे देतात. ‘प्रायव्हेट आय’ या व्यंगपत्राचे संपादक इयान हिस्लॉप आणि विनोदवीर पॉल मर्टन हे सुरुवातीपासूनचे कर्णधार. चौघांतला वेगळा कोण, मथळ्यातील गाळलेला शब्द कोणता, अशा फेऱ्या असतात. गुण दिले जातात. पण ते कोणीच मनावर घेत नाही.

सूत्रधार दर आठवड्याला का बदलतो?

पहिले सूत्रधार अँगस डेटन यांच्या खासगी आयुष्याच्या बातम्या २००२ मध्ये टॅब्लॉइडमध्ये झळकल्या. हिस्लॉप आणि मर्टन यांनी त्यांच्यासमोरच त्यावर विनोद केले. अखेर ऑक्टोबरमध्ये डेटन यांना जावे लागले. तेव्हापासून पाहुणे सूत्रधार येतात.

काहीही बोलता येते का?

नाही. चित्रीकरण साधारणपणे प्रक्षेपणाच्या आदल्या दिवशी होते आणि वकिलांची नजर असते. ‘कथितरीत्या’ हा शब्द इथे विनोदासारखा वापरला जातो. पण तेवढ्याने अब्रुनुकसानीच्या दाव्यातून सुटका होईलच असे नाही. निवडणुकीच्या काळात निष्पक्षतेचे नियमही लागू होतात. मे २०१९ मध्ये युरोपीय संसदेच्या निवडणुकीआधी ‘चेंज यूके’च्या नेत्या हायडी अॅलन यांचा सहभाग असलेला भाग बीबीसीने ऐनवेळी रोखला होता.

मग वाद कशाचा?

बोरिस जॉन्सन यांचा. १९९८ मध्ये ते प्रथम पाहुणे म्हणून आले, तेव्हा हिस्लॉप यांनी त्यांना एका जुन्या वादग्रस्त फोन संभाषणावरून घेरले होते. तरीही विस्कटलेल्या केसांचा, स्वतःवर हसणारा हा माणूस प्रेक्षकांना आवडला. पुढे ते अनेकदा सूत्रधारही झाले. २००८ मध्ये ते लंडनचे महापौर आणि २०१९ मध्ये पंतप्रधान झाले. कार्यक्रमाने त्यांना घराघरात पोहोचवले, असा आक्षेप टीकाकार घेतात.

याचा अर्थ काय?

केवळ एका कार्यक्रमामुळे कोणी पंतप्रधान होत नाही. मात्र, या दोन प्रसंगांतून एक गोष्ट दिसते. जो नेता आला नाही, त्याच्या जागी डबा बसला. जो आला आणि स्वतःवर हसला, तो लाडका झाला. म्हणजे शिक्षा झाली गैरहजेरीची, अडचणीच्या प्रश्नांची नव्हे. प्रश्न कितीही टोकदार असला, तरी हशा पिकला की उत्तर न देताही सुटता येते.

सप्टेंबर २०२४ मध्ये अध्यक्षीय निवडणुकीच्या तोंडावर ‘सीएनएन’ने याची अमेरिकी आवृत्ती सुरू केली. त्यामुळे नेत्याला हसायचे की हसता हसता त्याला मोकळे सोडायचे, हा प्रश्न आता तिथल्या प्रेक्षकांपुढेही आहे.